बोटी कुत्री, माझे घर आणि सत्तूर यांच्याविषयी

मी, प्रयागबाई, कै. महादेवराव माकोडे यांची विधवा, वय साठीच्या पुढे, धंदा बकऱ्याच्या मटणाचे दुकान, राहणार जुनी मंगळवारी, नागपूर, हे मृत्युपत्र शुद्धीत राहून आणि कोणाच्याही धाकाशिवाय लिहवून घेत आहे. मला धाक घालणारा अजून जन्माला यायचा आहे. सोमवारी मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात माझ्या पोटातली गाठ कापून काढणार आहेत. सुऱ्याखाली गेलेले सगळेच परत येत नाहीत, हे मला कोणी शिकवायला नको. लिहिणारे दत्तोपंत देव, आमचे शेजारी, पेन्शनर कारकून. मटणाच्या वासाने नाक मुरडतात, पण माणूस सरळ आहे. माझ्यामागे या पत्राची अंमलबजावणी त्यांनीच करावी.

कलम पहिले. माझ्यामागे बोटीचे काय, हा मुख्य मुद्दा. घर आणि दुकान त्यामागून येते.

बोटी ही माझी कुत्री, वय वर्षाच्या आत. दुकानामागे छाटणीच्या ढिगावर दोन मोठे कुत्रे तिला फाडत होते आणि ती पळायचे सोडून आडवी पडली होती. मी दोघांच्या कंबरेत दांडा घातला आणि हिला उचलले. मेली असे वाटले, तेवढ्यात तिने डोळे उघडले. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर मार्तंड राजकारणे यांनी नळी लावून सांगितले की हिच्या काळजाला जन्मतःच भोक आहे. धावली, घाबरली किंवा मोठा आवाज झाला की अशीच पडेल, आणि एक दिवस उठणार नाही. तिच्या बरगड्यांवर हात ठेवला की आत मांजर घुरघुरल्यासारखे लागते. ते भोकातून जाणारे रक्त.

सकाळ-संध्याकाळ अर्धी गोळी, खिम्याच्या गोळ्यात दाबून. मीठ बिलकुल नाही. जिना उचलून चढवावी. दिवाळीत फटाके सुरू झाले की तिला आतल्या खोलीत गोधडीत घेऊन बसावे. कलेजी द्यावी. बकऱ्याचे दिल मी तिला घालत नाही. ते कोणी घालू नये, आणि का, हेही विचारू नये. तिच्यापायी मी खाटकाचा ओंडका अंगणाच्या पार टोकाला नेला आणि हळू बोलायला शिकले. गिऱ्हाइके विचारू लागली, बाईची तब्येत बरी नाही का?

कलम दुसरे. माझ्या नवऱ्याचा पुतण्या नत्थू, हिंगण्याला कारखान्यात कामाला, याला आम्ही पोटच्या पोरासारखा वाढवला. यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघाली. मोहल्ल्याच्या पोरांनी बडग्या केला होता, गवताचा पुतळा, पुरुषभर उंच. त्याच्यासोबत गावाची रोगराई जाते आणि जळते, अशी आपली रीत. नत्थूने बोटीला टोपलीत बांधून त्या बडग्याच्या पोटाला लटकवले. कौसल्या, त्याची बायको, धावत दुकानात आली. मी हातातल्या सत्तूरसकट तशीच निघाले. ढोल वाजत होते, पोरे 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' ओरडत होती, आणि टोपलीत बोटी जीभ बाहेर टाकून पडली होती. मी दोरी कापली. नत्थू आडवा आला, तेव्हा सत्तूरची चपटी बाजू त्याच्या उजव्या मनगटावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज ढोलातूनही ऐकू आला. ढोल थांबले.

तो रस्त्यात बसून रडत म्हणाला, "मोठीमाय, तुह्यासाठीच तं केलं वं मी! हे बिमार कुत्री घरात आली अन् तुह्या पोटात गाठ झाली. हिच्यासंगं तुही पीडाबी गेली असती."

त्याने हे मनापासून केले, हे मी जाणते. म्हणून पोलिसांत गेले नाही. मनगट मोडल्याचे मला दुःख नाही. दुःख याचे, की आता तो बायकोला डाव्या हाताने मारतो.

कलम तिसरे. लग्नाच्या पहिल्या वर्षी महादेवरावांनी माझ्यावर हात उगारला. मी बकऱ्याचे मुंडके फेकून मारले. त्यांचे पुढचे दात गेले, आणि त्यानंतर आमचा संसार फार चांगला झाला. त्यांची कवळी पितळी डब्यात आहे. ती नत्थूला द्यावी. त्याने ती आरशासमोर ठेवावी आणि रोज दाढी करताना बघावी. दत्तोपंत म्हणतात, असे मृत्युपत्रात लिहीत नाहीत. लिहा.

कलम चौथे. राहते घर, दुकान, ओंडका, सर्व सुरे आणि माझा सत्तूर कौसल्येला. बोटीही तिचीच. सत्तूरला धार लावून ठेवली आहे. नत्थूने या घरात कौसल्येच्या मर्जीनेच राहावे. त्याने हात उचलला तर दत्तोपंतांनी त्याचे सामान रस्त्यावर ठेवावे. बोटी मेली की घर फिरून आपले होईल, असे त्याने समजू नये. कुत्री जगो वा मरो, घर कौसल्येचे.

कलम पाचवे. दसऱ्याच्या संध्याकाळी मी सोने वाटून घरी आले. नत्थू चुलीपाशी कौसल्येला लाथा मारत होता. घरात चू नाही. तिने तोंडात पदर कोंबला होता आणि एका हाताने मांडीवरच्या बोटीचे कान झाकले होते. मी तापलेला तवा त्याच्या पाठीवर ठेवला, तेव्हा तो पळाला. मी तिला विचारले, "काहून ओरडली नाही वं?"

"बोटीले झटका आला असता न, मोठीमाय," ती म्हणाली.

मी आयुष्यभर बकरी कापली, डोळा कधी ओला झाला नाही. त्या दिवशी मी रडले. हळू बोलायचा नियम या घरात मीच आणला होता.

म्हणून कौसल्ये, वरचे सगळे नियम एकीकडे आणि हा एकीकडे. त्याने हात उगारला तर ओरडायचे. जुनी मंगळवारी सगळी दारात जमेल असे ओरडायचे. बोटीचे काळीज थांबले तर थांबू दे. ती माझ्याकडे आली तर मी तिला सांभाळीन.

हा मजकूर नत्थूच्या देखत वाचून दाखवला. बोटी निजली होती म्हणून दत्तोपंतांनी हळू आवाजात वाचले. पाचवे कलम कौसल्येने त्यांच्या हातातून घेतले आणि उभी राहून मोठ्याने वाचले, इतके मोठ्याने की शेजारच्या शोभाताई दारात आल्या. बोटी उठली, नत्थूकडे तोंड करून भुंकली, आणि पुन्हा बसली.

प्रयागबाई महादेवराव माकोडे, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार: डॉ. मार्तंड राजकारणे (सही)
साक्षीदार: शोभाताई गभणे (सही)
हस्ते: दत्तोपंत देव

नागपूर, शनिवार, २९ ऑक्टोबर १९७७