ऐकू न आलेला ओरडा

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. साष्टांग तेवढा कागदावरच मानून घे, उजवा खांदा सुजलाय आणि मला वाकता काय, केससुद्धा विंचरता येत नाहीत. पत्र लिहितेय कारण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकून घेत नाहीस.

खांदा दार तोडताना दुखावला. सगळं सांगते, मध्येच भडकू नकोस. परवा भर दुपारी पोलीस ठाण्यात फोन आला. वरच्या मजल्यावर काहीतरी जोरात आपटलं आणि मग एकदम चिडीचूप झालं, अशी खालच्या बिऱ्हाडातल्या बाईंची तक्रार. मी आणि आमचे हवालदारकाका गेलो. गृहस्थाने साखळी न काढता दार किलकिलं केलं. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग, बोलणं मधाळ. म्हणाला की कपाट सरकवत होतो, बायको भावाकडे गेलीय, घरात मी एकटाच. आम्ही परत फिरणारच होतो. तेवढ्यात त्याच्या खांद्यावरून मला आतल्या बंद खोलीच्या दारावरची काच दिसली. तिथला दिवा लागला. विझला. पुन्हा लागला, पुन्हा विझला. अगं, हा तर माझ्यासमोर उभा, आणि घरात दुसरं कुणी नाही म्हणतोय! मग बटण कोण दाबतंय? मी तेच विचारलं, तर पठ्ठ्याने दार माझ्या तोंडावर आपटलं. मग मात्र मी खांदाच लावला, आणि काकांनीही.

आतल्या खोलीला बाहेरून कडी होती. त्याची बायको भिंतीला टेकून उभी, एक हात मोडलेला, कपाळ फुटलेलं, जबडा सुजलेला, आणि दुसरा हात बटणावर. तिला दवाखान्यात पोचवलं. वाचली.

तू म्हणशील, मग पेढे वाट. कसले पेढे! गृहस्थाने माझ्यावरच फिर्याद ठोकलीय. वरच्या कोर्टाचा तो नवा निकाल तुला ठाऊक आहेच. वॉरंटशिवाय कुणाच्या घरात शिरायचं, तर आत जीव धोक्यात असल्याचं अधिकाऱ्याने स्वतः पाहिलेलं किंवा ऐकलेलं हवं. शेजाऱ्यांचं सांगणं पुरत नाही. आत नंतर काय सापडलं तेही धरायचं नाही. नाहीतर खातं काखा वर करणार, खटला अधिकाऱ्याने एकट्याने लढायचा, आणि नोकरीवर पाणी सोडायचं. निकालात उदाहरण म्हणून कुणाच्या तरी ओरडण्याचा उल्लेख आलाय. झालं! तेव्हापासून आमच्या ठाण्यातल्या प्रत्येक अहवालात 'आतून ओरडा ऐकू आला' हे वाक्य असतंच. रिकाम्या गोदामातूनसुद्धा ओरडा ऐकू येतो आम्हाला.

साहेबांचं म्हणणं, मीही तेच लिहावं. काकांनी तर लिहून सही करून दिलंसुद्धा. पण आत्या, मला जराही आवाज ऐकू आला नव्हता. शनिवारपर्यंत अहवाल द्यायचाय. लवकर कळव.

माया पातळ होऊ देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
ठिणगी

&nbsp;

७ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,

अ. उ. आ. खांद्याला शेक दे आणि वजन उचलू नकोस. दार तोडायला हवालदाराला पुढे करायचं असतं, एवढंही तुला शिकवलं नाही का मी?

आता नीट ऐक. ओरडा ऐकला म्हणून लिहून टाक आणि मोकळी हो. मी प्रशिक्षण केंद्रात दर मंगळवारी पोरापोरींना हेच सांगते: निकाल आला की त्यातला शब्द उचलायचा आणि अहवालात बसवायचा. कोर्टाला स्वतःचा शब्द परत वाचायला फार आवडतो. आमच्या वेळी आधी दार तुटायचं आणि कारण नंतर सुचायचं. आता कारण आधी लागतं. बरंच झालं, मी काही त्या निकालाच्या विरोधात नाही. पण म्हणून तू दिव्याबिव्याचं घेऊन बसू नकोस. त्याचा वकील म्हणेल बल्ब ढिला होता, की तू घरी!

आणि खोटं तरी कुठे आहे? हात मोडल्यावर कोण गप्प बसतं? ती बाई ओरडलीच असणार. तुला ऐकू आलं नाही, एवढंच.

तुझ्या बापाची मनधरणी मी केली होती, पोरीला खात्यात जाऊ दे म्हणून. तुझी वर्दी उतरली तर मला त्याच्यासमोर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. भीती वाटते गं. हट्ट सोड.

आशीर्वाद नेहमीचेच, काळजी मात्र या वेळी जास्त.

तुझी आत्या

&nbsp;

१६ फेब्रुवारी

ती. आत्यास,

शि. सा. न. आधी रागावून घे, मग पुढे वाच. मी नाही लिहिलं.

मी लिहिलं, 'आवाज आला नाही. घरात कुणी नाही असं सांगणारा माणूस समोर होता आणि आतला दिवा कुणीतरी लावत-विझवत होतं.' साहेब वाचून लालबुंद झाले. म्हणाले की हवालदाराला ऐकू येतं आणि फौजदाराला येत नाही, असे दोन कागद एकाच ठाण्यातून गेले तर आपली शोभा होईल, आणि मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेय. तुझंही पत्र तेव्हा खिशात होतं. जिला दारावरची घंटा ऐकू येत नाही ती बाई मला ऐकू आलं म्हणून लिही सांगते, हे आठवून हसू दाबत होते. नाहीतर तिथेच रडले असते, खरं सांगते.

आता पुढचं. तू लिहिलंस, हात मोडल्यावर कोण गप्प बसतं. काल मी तिचा जबाब घ्यायला तिच्या भावाकडे गेले. ती जन्मापासून मुकी आहे, आत्या, घशातून आवाजच फुटत नाही. दवाखान्यात तोंडाला पट्ट्या होत्या म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि नवऱ्याने तिला शेजारीपाजारी कधी मिसळूच दिलं नव्हतं. भाऊ तिच्या हातवाऱ्यांचा अर्थ सांगत होता आणि मी लिहून घेत होते.

ठाण्यात येऊन सांगितलं तर काकांची पाचावर धारण बसली. त्यांचा कागद कोर्टात पोचलाय. वकिलाला तर हे पहिल्यापासून माहीत असणार, अशिलाचीच बायको ती. परवा कोर्टात मला बघून तो गालातल्या गालात हसत होता, त्याचा अर्थ आज कळला. काका वाईट माणूस नाहीत गं. त्यांचा खांदाही माझ्याएवढाच सुजला होता. सगळे लिहितात म्हणून त्यांनी लिहिलं.

पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. लोभ आहे तो राहू दे, राग आहे तो उतरू दे.

तुझी,
ठिणगी

&nbsp;

१९ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,

अ. उ. आ. पत्र वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. बरं झालं कार्टे, माझं ऐकलं नाहीस. हे वाक्य जपून ठेव, माझ्याकडून परत मिळणार नाही.

हवालदाराला सांग, वकिलाने तोंड उघडायच्या आत आपणहून सांगून टाक. ओढून काढलेलं आणि स्वतःहून दिलेलं यांतला फरक कोर्टाला कळतो. ठपका येईलच, पण मान वर राहील. आणि तू काही घाबरू नकोस, तुझा कागद पक्का आहे.

हे पत्र छोटं, आशीर्वाद मोठे.

तुझी आत्या

&nbsp;

२१ मार्च

ती. आत्यास,

शि. सा. न. खांदा बरा झालाय, तेव्हा या खेपेला साष्टांग खराखुरा समज.

जिंकलो गं! पण सगळं क्रमाने ऐक. आधी काकांना बोलावलं. वकील उठून उभा राहतोय तोच काकांनी हात जोडले आणि सांगितलं की मला काही ऐकू आलं नव्हतं, आमच्याकडे तसं लिहायची पद्धत पडलीय म्हणून मी लिहिलं. वकिलाचा चेहरा बघायला हवा होतास, हातातला घास पडल्यासारखा! काकांची खात्यात चौकशी लागलीय, बढती तर गेलीच. तरी बाहेर येऊन चहा प्यायले आणि म्हणाले की बऱ्याच दिवसांनी चहाला चव लागली. साहेबांनी चहाचे पैसे दिले.

मग मी. वकिलाने तासभर माझा कीस काढला. दिवा म्हणजे ओरडा नव्हे, बल्ब ढिला होता, निकालात दिव्याचा शब्दच नाही. तू म्हणाली होतीस तस्संच सगळं. मी एवढंच सांगत राहिले, जे पाहिलं ते लिहिलं.

शेवटी तिला बोलावलं. हात अजून गळ्यात बांधलेला. खुणांची भाषा जाणणाऱ्या बाई शेजारी होत्या. न्यायाधीशांनी विचारलं की त्या दिवशी तुम्ही मदत कशी मागितलीत? तिने खुणा केल्याच नाहीत. ती सरळ भिंतीपाशी गेली. पहिलं बटण पंख्याचं निघालं, कारकुनाचे कागद उडाले, लोक हसले. मग तिला दिव्याचं बटण सापडलं. दिवे गेले. आले. गेले. आले. ती थांबेचना, आत्या. न्यायाधीशही तिला थांबवत नव्हते. मी तोंडावर रुमाल धरला आणि वर्दीत असताना रडले.

निकालात लिहिलंय की माझं आत शिरणं योग्य होतं. धोका दिसणं म्हणजे काय, ते ठरवताना हाक मारायला ज्याच्याकडे जे आहे ते बघायला हवं. नवऱ्यावरचा खटला आता उभा राहील. माझी वर्दी जागच्या जागी आहे, बाबांना तूच कळव.

अशीच भांडत राहा माझ्याशी.

तुझी,
ठिणगी

&nbsp;

२७ मार्च

चि. ठिणगीस,

अ. उ. आ. तुझ्या बापाला फोन केला. तो काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण नाक ओढत होता एवढं कळलं.

मंगळवारी केंद्रात गेले. काही न बोलता वर्गाचं दार बंद केलं आणि दिव्याचं बटण खाली-वर, खाली-वर केलं. मग म्हटलं, आता जे झालं त्याचा अहवाल लिहा. पोरांनी माना खाली घालून लिहिला. एकेक कागद वाचत गेले, आणि वाचता वाचता मटकन खुर्चीत बसले. अर्ध्याहून अधिक जणांनी लिहिलं होतं, 'आतून ओरडा ऐकू आला.'

मी पहिल्या बाकावरच्या मुलीला उभं केलं आणि विचारलं, कुठून आला गं हा ओरडा? ती जराही न डगमगता म्हणाली की आला होता, पण बाईंना कमी ऐकू येतं ना.

हसावं की रडावं कळेना. चांगली शिकली होती पोरगी, माझ्याकडूनच. मी सगळे कागद फाडले, दिवा पुन्हा घालवला आणि म्हटलं, आता डोळे उघडे ठेवा, पहिल्यापासून सुरू करू.

पुढच्या मंगळवारी रजा काढून ये. तो अहवाल कसा लिहिलास ते तूच त्यांना सांग. मी मागच्या बाकावर बसेन, तेव्हा जरा मोठ्याने बोल.

तुझी आत्या