पाण्यातले देव

तीर्थस्वरूप दत्ताकाका,

काल फोनवर तुम्ही म्हणालात, "मी जर्मनीला येत नाही. ओमदुर्मान आता शांत आहे, तुझ्या आजोबांची गिरणी पुन्हा सुरू करतो. वहिनीला तूच सांग." मी हो म्हणाले आणि तेव्हापासून घरभर नुसती फिरते आहे.

सुदानच्या युद्धात तुम्ही तिथेच राहिलात आणि वेदांगदादाने आम्हाला ब्राउनश्वाइगला आणलं, त्या दिवशी आईने देव पाण्यात ठेवले. तुम्ही आल्याशिवाय बाहेर काढायचे नाहीत, असं ठरवून. इथलं पाणी जड आहे, मूर्तींवर पांढरा थर बसतो. रोज पाणी बदलताना मी तो पुसते. दादा म्हणतो, "आपल्याआधी देवच पोहायला शिकणार."

आज आईला सांगितलं.

"सुखरूप आहेत ना भाऊजी?" तिने विचारलं. मग म्हणाली, "मामंजींनी तिथे पहिलं मराठी घर मांडलं, तेव्हा त्यांनाही साताऱ्याहून 'परत या' म्हणून पत्रं यायची. गेले का ते? तसेच हे."

तिने एकेक देव पुसून फळीवर ठेवला. मी पातेलं उचलायला गेले, तर तिने माझा हात धरला. तळाशी बाळकृष्ण होता.

"हा राहू दे," ती म्हणाली.

हे तुम्हाला कळवलं तर बोलावल्यासारखं होईल, आणि तुम्ही मन मारून याल. म्हणून पत्र पाठवत नाही. सकाळी पाणी बदलायचं आहे.

तुमची,
ईप्सिता