तिसरी पोळी

झालिनाताई,

तुझ्या अख्सारच्या बारशाला मी, शेजारची नवी जॉर्जियन सून, चीज भरलेल्या दोनच पोळ्या आणल्या. तू ओरडलीस, "अगं लामारा, आम्हा ओसेती लोकांत दोन पोळ्या मयताला! शुभकार्याला तीन!" आणि हसत तिसरी भाजून वर ठेवलीस. पंगतीत तुझे सासरे माझ्या सासऱ्यांना चिडवत होते, "या खोऱ्यात आधी आम्ही आलो, तुम्ही पाहुणे!"

"मग पाहुण्याला वाइन वाढा की!"

तेव्हा ती चेष्टा होती. सोव्हिएत राज्य गेलं आणि त्याच वादावर गोळ्या चालल्या. आता आपल्या अंगणांमधल्या काटेरी तारेपलीकडे पत्रही जात नाही.

काल कळलं, अख्सार गेला. आज मी दोनच पोळ्या केल्या. या वेळी चुकले नाही गं.

तारेअलीकडची,
लामारा