'नाही'वरची खूण

बुधवार, दिवेलागण

महादेवला न्यूझीलंडचा वर्क व्हिसा नाकारला. कारण, खोटी माहिती. ती मी भरली होती.

हा माझा मावसभाऊ, मंद्रूपला वेल्डिंग करतो. तेव्हा मी इमिग्रेशन सल्लागाराच्या ऑनलाइन कोर्सला नुकतीच बसले होते. तो म्हणाला, "तूच भर की ताई, तुला समदं कळतंय." पूर्वी कुठला व्हिसा नाकारला होता का, या प्रश्नाला मी 'नाही'वर खूण केली. ऑस्ट्रेलियाचा नाकारलेला मला ठाऊक होता. पण मोडलेली सोयरीक नव्या पाहुण्यांना कोण सांगतं? तसंच वाटलं मला. का वाटलं? पुढच्याच महिन्यात कोर्समध्ये नेमका हाच धडा आला, तरी मी गप्प बसले.

आज फोनवर म्हणाला, "तू नको वाईट वाटून घेऊ ताई. माझंच नशीब फुटकं हाय." शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

कोर्स पास झाले. आता समोर माझ्याच सल्लागाराच्या परवान्याचा अर्ज उघडा आहे. त्यात प्रश्न आहे: व्हिसासाठी खोटी माहिती देण्यात तुमचा कधी हात होता का?

मघाशीच 'नाही'वर खूण केली. तेव्हापासून बसून आहे. खूण काढवत नाही, अर्ज धाडवत नाही.