चौथा फर्मा

६ फेब्रुवारी

प्रिय चिमे,

तुला आणि घरातल्या लहानथोरांना या थोरल्या भावाचे आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, तुझी वहिनी त्याहून जास्त कुरकुरते, एवढं सोडलं तर तक्रार नाही.

तुझं कार्ड पोचलं. अकरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. 'दादा'तला दा अजून तसाच ढेरपोट्या काढतेस.

तुझी नात ठमी नऊ वर्षांची झाली आणि फुलपाखरांच्या नादी लागली, हे वाचून बरं वाटलं. तिला आपल्याच भागातल्या फुलपाखरांचं पुस्तक हवंय. जन्मभर पुस्तकं बांधलेल्या माणसाला ते चुटकीसरशी सापडेल असं तुला वाटणारच. मीही त्याच घमेंडीत पिशवी घेऊन निघालो. वहिनी म्हणाली, "या वयात फुलपाखरांमागे? लोक काय म्हणतील!"

पण सोपं नाही गं. नव्या दुकानात सगळ्या देशाची फुलपाखरं एकाच ठोकळ्यात कोंबलेली. तो ठोकळा घेऊन बागेत जायचं म्हणजे शेजारीण शोधायला जनगणनेचं दप्तर उचलून नेणं. दुकानातली मुलगी म्हणाली, "आजोबा, यात सगळीच आहेत."

"तेच तर दुखणं आहे. मला फक्त आमच्या नदीकाठची हवीत."

"मग बाकीची बघू नका!" म्हणाली. पटण्यासारखं होतं, पण घेतलं नाही.

ग्रंथालयातल्या बाईंनी मात्र कामाचं सांगितलं. असलं पुस्तक घेताना चित्रांवर भाळायचं नाही. आधी नकाशा बघायचा, मग कोणत्या महिन्यात काय दिसतं त्याचा तक्ता. ही दोन्ही नसतील तर ते भिंतीवर लावायचं कॅलेंडर. ठमीला हे सांगून ठेव.

मग जुन्या पुस्तकांच्या गल्लीत तीन दिवस घातले. ती जुनी मालिका आठवते? एकेका भागाचं एकेक पुस्तक, खिशात मावणारं, हिरव्या पाठीचं. आपल्या नदीकाठचं कुठेच नाही. डोंगरी भागाचं मात्र चार दुकानांत चारदा हाताला लागलं. चौथ्या वेळी रद्दीवाला म्हणाला, "घेऊन टाका आता. ते तुमच्याच मागावर आहे." मला हसू आलं नाही.

तू लिहितेस की आपल्या भुंग्याचं ते जुनं पुस्तक असेल तर तेच द्यावं, ठमीला तिच्या मामाची वस्तू मिळेल. ते माझ्याकडे असल्याचं आठवत नाही. इतक्या वर्षांत किती सामान हललं. बघतो.

वहिनी परवा विचारत होती, "सकाळपासून काय गुणगुणताय? दाढ दुखतेय की आनंद झालाय?" मी तर तोंड मिटून बसलो होतो. तिचे कान आता गेले म्हणायचे.

तब्येतीला जप.

तुझा
दादा


२१ फेब्रुवारी

चिमे,

तुझं उत्तर आलं. चारच ओळी. त्या मला पाठ झाल्यात, तरी इथे पुन्हा लिहितो.

"दादा, खाणीतून त्याची पिशवी आली त्याच आठवड्यात पुस्तक मी स्वतः तुझ्या हातात दिलं होतं. द्यायचं नसेल तर नको देऊस. तूही मलाच दोष देतोस, म्हणून येणं सोडलंस, हे मला केव्हाच कळलंय. त्या शनिवारी मीच त्याला म्हटलं होतं, घरात लुडबुड करू नकोस, जा तुझी फुलपाखरं बघ."

पुस्तक माझ्याकडे आहे. पत्र्याच्या पेटीत, जुन्या पुठ्ठ्यांखाली. आठवत नाही हे खोटं लिहिलं.

बाकीचं आता जमेल तसं लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा लिहायचा धीर होणार नाही, म्हणून वहिनीला तिच्या बहिणीकडे पाठवलंय.

भुंग्याचं ते पुस्तक वापरून वापरून खिळखिळं झालं होतं. ते त्याने माझ्याकडे बांधायला टाकलं. "मामा, पक्कं शिव. मी मेलो तरी टिकलं पाहिजे," असं म्हणाला. सव्वीस वर्षांचा घोडा, वाट्टेल ते बोलायचा. त्याच आठवड्यात शाळेतले एक मास्तर त्याच मालिकेतलं डोंगरी भागाचं पुस्तक घेऊन आले. तोच आकार, तोच कागद, तोच टाइप. मी दोन्ही उसवली, फर्मे सुटे केले, आणि एकाच फळीवर ठेवले. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. चौथा फर्मा दोन्हींत एकोणपन्नासपासून चौसष्टपर्यंत.

आम्ही बांधणारे पानांचे आकडे वाचतो, मजकूर वाचत नाही. मजकूर वाचत बसलं तर दिवसाला एक पुस्तक होणार नाही, असं मीच माझ्या हाताखालच्यांना सांगायचो. आकडे जुळले, मी टाके घातले.

भुंगा गेल्यावर महिन्याभराने ते मास्तर हसत आले. "अहो, माझ्या डोंगरात हे तळं कुठून आलं?" त्यांनी चौथा फर्मा उघडून दाखवला. आपल्या नदीकाठचा होता.

मास्तरांना म्हटलं, ठेवून जा. ते वळल्यावर पेटीतून भुंग्याचं पुस्तक काढलं. एकोणसाठाव्या पानावर डोंगरातलं एक निळं फुलपाखरू आहे. खाली छापलंय, ओल्या कातळाच्या कडेवर, ऊन कलताना, हमखास. आणि समासात त्याची पेन्सिल: "आपल्याकडे कातळ कुठे? खाण! शनिवारी."

ते फुलपाखरू आपल्याकडे नाहीच, चिमे. कधीच नव्हतं. खाणीच्या कडेवरून पडला तेव्हा तो नसलेल्या गोष्टीची वाट बघत होता, आणि तिथे त्याला मी पाठवलं होतं.

तू म्हणाली नसतीस तरी तो गेलाच असता. ती पेन्सिल बुधवारची आहे. खाली तारीख घातलीय त्याने. तू शनिवारी जे बोललीस ते कुठलीही आई बोलते.

मास्तरांना सांगितलं, पुस्तक उंदरांनी खाल्लं. तुला काहीच सांगितलं नाही. तू स्वतःला दोष देतेस हे मला माहीत होतं. पहिल्याच महिन्यात शेजारणीकडून कळलं होतं. मी गप्प बसलो, कारण तुझ्या दारात आलो असतो तर तोंडून निघून गेलं असतं. हे दुसरं पाप पहिल्यापेक्षा मोठं आहे. पहिलं तरी हातून चुकून झालं.

आणि गुणगुण. त्याला भुंगा नाव मीच ठेवलं होतं, जेवतानासुद्धा नाकातून चालूच असायची म्हणून. माझ्या कामाच्या खोलीत ती अकरा वर्षं आहे. पेटीच्या बाजूने येते. मला वाटायचं माझ्याच डोक्यात आहे. मग वहिनीलाही ऐकू आली.

काल सकाळी उजेडात बसून दोन्ही पुस्तकं उसवली. नदीकाठचा चौथा फर्मा त्याच्या जागी शिवला. या वेळी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, बोट ठेवून, शब्दन्‌ शब्द वाचला. नकाशा आपला आहे, तक्ता आपला आहे, पानं आपली आहेत. ते पुस्तक ठमीचं. निर्धास्तपणे तिच्या हातात दे.

सोबत खाकी पाकीट आहे. त्यात डोंगरातली ती सोळा पानं आहेत. ते तुझं. एकटी असशील तेव्हा उघड. बुधवारची तारीख स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मग पानं ठेव, जाळ, नाहीतर मला परत पाठव.

तो टाका कापला तेव्हा गुणगुण थांबली. एवढी वर्षं ती थांबावी म्हणून तळमळलो. आता खोलीत घड्याळ ऐकू येतं, आणि मी कामाला बसू शकत नाही.

पुढे काय लिहू ते तू ठरवशील. दादा म्हणावंसं वाटलं तर तुझा दादा. नाही वाटलं तर,

ज्याने ते पुस्तक बांधलं तो