आप्पांचं कॉम्बिनेशन

प्रिय आप्पा,

आज नववीच्या वर्गात तुमचा शब्द आला. धड्यातच होता, कॉम्बिनेशन. मी फळ्यावर अर्थ लिहिले: मिश्रण, संयोग, जुळणी. आणि मागच्या बाकावरची सना उठून म्हणाली, "मॅडम, माझी अम्मी म्हणती, साडीवर ब्लाऊजचं कॉम्बिनेशन बसलं न्हाय. ते चुकीचं इंग्रजी हाय का?"

तिला काय सांगितलं, ते तुम्हालाही कळायला हवं. म्हणून हे पत्र.

मोडनिंबहून चौथी शिकून तुम्ही सोलापुरात चादरीच्या कारखान्यात आलात, आणि कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग ठेवायचा हे मालकसुद्धा तुम्हाला विचारू लागले. इंग्रजीचा हा एवढाच शब्द तिथे तुमच्या हाती लागला. मग काय! कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही: "ह्ये कॉम्बिनेशन मोडायचं न्हाय." आई आणि मावशी ओट्यावर बसल्या की, "लई जहाल कॉम्बिनेशन हाय, पळा!" सूत रंगवणारे रफिकचाचा आणि रंग निवडणारे तुम्ही, तर "आमचं कॉम्बिनेशन". डॉक्टरांनी दोन गोळ्या एकत्र दिल्या तेव्हा तुम्ही त्यांनाच विचारलंत, "कॉम्बिनेशन बरं हाय न्हवं?" ते हसले नाहीत. म्हणाले, "अगदी बरोबर."

हसले कोण? माझ्या बी.एड.च्या मैत्रिणी. आठवतंय? त्या घरी आल्या होत्या. तुम्ही स्वतः ताटं वाढलीत, चटणीवर तेल सोडलंत आणि म्हणालात, "खाऊन बघा की, काय कॉम्बिनेशन हाय!" त्या एकमेकींकडे बघून हसल्या आणि माझं तोंड सुटलं. "आप्पा, प्रत्येक गोष्टीला कॉम्बिनेशन म्हणत नाहीत. येत नाही ते इंग्रजी कशाला बोलता?"

तुम्ही म्हणालात, "बरं, मास्तरीणबाई." आणि त्यांना अजून एकेक भाकरी वाढलीत.

त्या दिवसानंतर तुम्ही तो शब्द कधी बोलला नाहीत. आणि ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही, आप्पा! इतकी वर्षं!

लक्षात आलं तुमच्या दहाव्यानंतर. रफिकचाचा तुमची नमुन्यांची वही घेऊन आले. "बेटी, ये तेरे पास रैना," म्हणाले आणि चहा न घेताच गेले. पानापानाला दाभणाने भोकं पाडून तुम्ही सुताचे धागे बांधलेले. मरून आणि मोरपंखी. हळदी, काळा, पांढरा. प्रत्येकाखाली ते मोठं, वाकडं अक्षर: कॉम्बिनेशन एक, कॉम्बिनेशन दोन, असं एकेचाळीसपर्यंत. बेचाळिसाव्या पानावर नुसतं 'जोड'. पुढे भरलेल्या शेवटच्या पानापर्यंत जोड, जोड, जोड. त्या बेचाळिसाव्या पानावर तुम्ही साल घातलंय. माझ्या बी.एड.चं साल.

वहीत कोण बघणार होतं तुमचं इंग्रजी? तिथे तरी लिहायचं होतंत! मला एक शिवी हासडायची होतीत. एवढं कसं मनावर घेतलंत पोरीचं बोलणं?

डिक्शनरी मी अनेकदा पाहिली. वेगवेगळ्या गोष्टी एकत्र येऊन त्यांचं एक होणं, असाच अर्थ आहे. भाकरी-चटणीला चालतो, गोळ्यांना चालतो, माणसांना चालतो. तुम्ही एकदाही चुकला नव्हतात. इंग्रजीत एम.ए. केलेली तुमची मुलगी चुकली होती.

म्हणून आज सनाला मी मोठ्याने सांगितलं, "अजिबात चुकीचं नाही. तुझी अम्मी बरोबर बोलते." आणि पुढे काय बोलले ठाऊक आहे? "माझे वडील चादरीच्या कारखान्यात रंग निवडायचे. हा शब्द मी त्यांच्याकडून शिकले." स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं मी तुम्हाला सुपरवायझर करून ठेवलं होतं, आप्पा. आज खरं सांगताना माझा आवाज चढला होता. शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या!

वही पर्समध्येच असते, ती काढली. मुलं ती बघायला टेबलाभोवती जमली, तर मी म्हटलं, "इथे नाही. बाहेर उन्हात चला." ट्यूबलाइटखाली रंग निवडायचा नाही, हा तुमचा कायदा. एकदाच मोडलात आणि मरून समजून तपकिरी सूत मागावर चढवलंत. तेव्हापासून धागे मुठीत घेऊन कारखान्याच्या फाटकाबाहेर उभे राहायचात, येणारे-जाणारे बघत असले तरी. शाळेच्या पटांगणात मुलं तशीच उन्हात उभी राहून वहीवर वाकली होती. एकजण म्हणाला, "मॅडम, कसले भारी हायत की!" प्रत्येकाने आपलं वाक्य केलं. कुणी चहा-खारीचं, कुणी बॅट्समनच्या जोडीचं. सना म्हणाली, "मॅडम आणि त्यांचे आप्पा, हे एक नंबर कॉम्बिनेशन." तिला काय माहीत, ते मोडलं कुणी!

वहीचं शेवटचं पान कोरं आहे, आप्पा. भोकं पाडलेली आहेत, धागे नाहीत. उद्या रफिकचाचांकडे जाऊन सूत आणीन. रंग मुलं निवडतील, उन्हात उभी राहून. गाठ मी मारीन. आणि खाली तुमचा शब्द लिहीन, तुमच्यासारख्याच मोठ्या अक्षरात.

तुमची मास्तरीणबाई,
मंगल