'पाठवा' म्हणजे कुठे?

तीर्थरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा बसलेला आवाज उठला का? (नसेल तर घाई करू नका, सगळ्यांनाच विश्रांती मिळतेय.) इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे मी सोडून.

तू आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तो स्वतः केलेला प्रोग्राम टाकून दिलास आणि फोनवर ऐटीत सांगितलंस, "काहीही टाइप कर, फाइल चौकटीत ओढून सोड आणि 'पाठवा' दाब. बास." मी दाबलं. खाली 'पाठवले' असंही उमटलं. आता पाठवलं म्हटल्यावर ते तुला मिळालं, असंच कोणीही सरळ माणूस समजेल ना? गिऱ्हाइकांच्या नोटिसा तुला कशाला हव्यात, हा प्रश्न मला पडला होता; पण घरात हुशार तू, म्हणून गप्प बसले. मग सोयच झाली म्हणून नोटिसांच्या मागोमाग तुला पत्रंही धाडू लागले. तुझं उत्तर येत नव्हतं, पण ते एरवी तरी कुठे येतं? बटणावर 'छापा' लिहिताना तुझी बोटं झिजणार होती का रे?

सगळं जात होतं प्रिंटरकडे, आणि प्रिंटर आहे आमच्या मॅनेजरच्या केबिनमध्ये. मी नोकरीत अजून कच्ची. मला कायम करायचं की घरी बसवायचं, हे ठरवणार हाच माणूस, आणि पत्रांत मी त्यालाच 'आमचा बोका' म्हटलेलं. (बोका बिस्किटांच्या डब्यावर हात ठेवून झोपतो, बोका घोरायला लागला की फोन ऐकू येत नाही, वगैरे. खोटं एक अक्षर नाही.)

त्याने मला आत बोलावलं. टेबलावर माझ्या पत्रांची चळत! वर बघते तर याचे डोळे भरलेले! आमच्याकडे मॅनेजरला झाडून सगळे 'दादा' म्हणतात (त्याचाच आग्रह). माथ्यावर 'ती. दादास' वाचून गड्याला वाटलं, पत्रं त्यालाच आहेत. आणि बोका म्हणजे हेड ऑफिसचे मोठे साहेब! "अगदी बरोबर ओळखलंस त्या बोक्याला," म्हणाला, "मला वाटायचं, हे फक्त मलाच दिसतं." त्याचाही गुडघा दुखतो. घरात कोणी विचारत नाही म्हणे, मी मात्र दर पत्रात विचारते. मला हसू दाबवेना, आणि खरं सांगते, वाईटही वाटलं.

शेवटच्या पत्रात मी 'रविवारी वहिनीला घेऊन जेवायला ये' असं लिहिलं होतं. आला. वहिनीला घेऊन. दोनदा मागून घेतलं आणि हात धुताना म्हणाला, "पुढच्या महिन्यात तुला कायम करून टाकतो. बहिणीला कोण घरी बसवतं?"

तुझी (निदान घरापुरती),
धाकटी

ता. क. येत्या रविवारी तू येणार होतास, तो येऊ नकोस. ते दोघं पुन्हा येताहेत. अगदीच राहवत नसेल तर प्रिंटर दुरुस्तीवाला म्हणून ये आणि मला 'मॅडम' म्हण. कायमची ऑर्डर हातात पडेपर्यंत तू माझा कोणी नाहीस.

आणखी एक. प्रोग्रामला हात लावू नकोस, बटण आहे तसंच राहू दे. तुला यापुढे असं हातानेच लिहीन, सवड झाली तर. त्याला मात्र रोज लिहावं लागतं. तो उत्तर देतो, तेही पाठपोट.